तीन नंबरची रेघ

छातीचा पट्टा बांधताना माणसाला हसवू नये, हा आमच्या कामातला पहिला धडा. हसला की छाती फुगते, पट्टा ढिला बसतो आणि झोपेत सरकत सरकत पोटावर येतो. माझा धाकटा भाऊ नेमका तेव्हाच तोंड उघडायचा. "ताई, शिंपी माप घेतो तर निदान सदरा तरी शिवून देतो. तुझं आपलं रोज नुसतं मापच."

"गप पड," मी म्हणायचे आणि बक्कल लावायचे.

सकाळचे आठ वाजलेले असायचे. बाहेर डोळ्यांना टोचणारं ऊन, आणि ही चार माणसं दात घासून, काळे पडदे ओढून झोपायच्या तयारीत.

मी झोप मोजते. एका मोठ्या इस्पितळात माझं हेच काम आहे. माणूस झोपला की त्याच्या श्वासाची, नाडीची, रक्तातल्या प्राणवायूची रेघ पडद्यावर उमटते, ती मी वाचते. दुसरे झोपतात आणि हिला पगार मिळतो, असं नातेवाईक म्हणतात. म्हणोत बापडे. त्या वर्षी मला सहा आठवड्यांसाठी डोंगरावरच्या वेधशाळेत पाठवलं होतं. उंची पाच हजार मीटरला थोडी कमी. झाड नाही, गवत नाही, नुसता तांबडा दगड. माथ्यावर दुर्बिणीचा पांढरा घुमट, आणि तिथून दीडशे पायऱ्या खाली पत्र्याच्या छपराचं लांबट, बुटकं झोपघर. दुर्बिणीचं काम रात्रीचं, म्हणून तिथली झोप दिवसाची.

वेधशाळेपुढचा प्रश्न सरळ होता. माणसांनी वरच झोपावं, की रोज दोन तास गाडीनं खाली नेऊन त्यांना झोपवावं? माझ्या नोंदींवरून ते ठरणार होतं. माझ्यापुढचा प्रश्न मात्र वेगळा होता. धाकटा तिथं दुर्बीण फिरवणारी यंत्रं सांभाळायचा. त्याचे झोपेचे दोन अहवाल वाईट आले होते. तिसरा वाईट आला की कायमचं खाली. त्याला ते मरणापेक्षा कठीण वाटत होतं. त्या डोंगरावर त्याचा जीव जडला होता. आणि आईचा जीव त्याच्यावर. मी निघताना ती पिशवी भरता भरता म्हणाली, "रेघा मोज नाहीतर तारे मोज. पण त्याला धडपणी घरी आण."

तिथली हवा म्हणजे आपल्याला खाली मिळते त्याच्या निम्म्याहून जरा जास्त. जागेपणी माणूस धापा टाकून भागवून घेतो. बुटाची नाडी बांधली तरी दम लागतो, पाणी लवकर उकळतं पण बटाटे शिजत नाहीत, चहा कोमटच राहतो. झोपेत मात्र वेगळंच घडतं. शरीर आधाशासारखं भराभर श्वास घेतं. इतका, की मेंदूला वाटतं, झालं, पुरे. मग श्वास थांबतो. दहा सेकंद, पंधरा, कधी वीस. छाती स्वस्थ. मग प्राणवायू घसरतो, मेंदू दचकतो, एक मोठा श्वास आत जातो आणि पुन्हा भराभर सुरू. पडद्यावर डोंगर, सपाटी, डोंगर, सपाटी असं दिसतं. त्या सपाटीला आम्ही विराम म्हणतो. धडधाकट माणसालाही हे होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. झोपेची मात्र पार माती होते. चित्रविचित्र स्वप्नं पडतात, डोकं ठणकतं, आणि माणूस दमून झोपतो तो दमूनच उठतो.

धाकट्याचा श्वास मी हजारांत ओळखला असता. लहानपणी त्याला दमा होता. आई कामावर गेली की दुपारी मी त्याच्या उशाशी बसून श्वास मोजायचे, तेव्हा मला शंभरापर्यंतसुद्धा धड येत नव्हतं. विरामानंतर त्याचा श्वास दोन टप्प्यांत आत जायचा. आधी अर्धा, मग अडखळून उरलेला. अंधारात एक पायरी जास्त आहे असं वाटून पाऊल टाकावं, तसा. मी या कामात पडले ती त्या दुपारींमुळे.

झोपघरात एकच लांब मार्गिका होती. एका बाजूला चार खोल्या, हिरव्या रंगाची चार दारं, टोकाला एक खिडकी. तिच्याखाली माझं टेबल. दारांखालून आलेल्या वायरी भिंतीलगत टेबलावरच्या चार नोंदपेट्यांपर्यंत पोचायच्या आणि पडद्यावर चार रेघा चालायच्या. एक नंबरला दुर्बीण चालवणारा लंबू, दोनला शास्त्रज्ञ चष्मेवाला, तीनला धाकटा, चारला वायरमन. मला मागे झोपबाई म्हणायचे, तेही मला ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी, अकराच्या सुमाराला, मला रेघांमध्ये एक भानगड दिसली. दर लांब विरामाच्या शेवटी एक बारीक टोचा, आणि लगेच श्वास. मेंदू आपला आपण दचकला तर असा टोचा येत नाही. मी मान वर केली. झोपघराचा म्हातारा राखणदार लोकरी चपला घालून दोन नंबरच्या दारापाशी उभा होता. डोकं कललेलं, कान दाराच्या फटीला. ओठ हलत होते. तो आकडे मोजत होता. मग त्यानं मधलं बोट वाकवून चौकटीवर एकदा वाजवलं.

टक्.

दोन नंबरची रेघ उसळली. म्हातारा तीन नंबरच्या दाराकडे सरकला.

सगळे त्याला टकटककाका म्हणायचे ते का, ते मला तेव्हा कळलं. मी तडक उठले, म्हणजे तिथं जेवढं तडक उठता येतं तेवढं.

"काका, हे काय चाललंय?"

"श्वास थांबला की वाजवायचं," तो हळू आवाजात म्हणाला. "एक टक् म्हणजे श्वास घे. पहिल्यापासून असंच आहे इथं. माझ्या आधी होता तोही वाजवायचा."

"तुम्ही त्यांची झोप मोडताय. श्वास आपोआप येतो, काका. मेंदू घेतो तो."

"येतो हो. येतोच." त्यानं माझ्या पडद्याकडे पाहिलं, रेघांना तो जरा बिचकत असावा. "मी कुठं म्हणतो येत नाही म्हणून?"

"मग?"

तो चार नंबरपाशी गेला आणि कान लावून उभा राहिला.

मला अडाणीपणाचा राग येतो. माझा स्वभावच तसा, नाकावर माशी बसू देत नाही. शिवाय माझी सगळी नोंद त्या टकटकीनं खराब होत होती, आणि धाकट्याचा तिसरा अहवाल त्यातच होता. माझ्या हिशेबी त्याची झोप उंची मोडत नव्हती, हा म्हातारा मोडत होता. त्याच संध्याकाळी मी वेधशाळेच्या प्रमुखाकडे गेले. दुसऱ्या दिवशी लेखी हुकूम निघाला. झोपेच्या वेळात दारं वाजवू नयेत.

काका दोन दिवस मार्गिकेत स्टुलावर बसून राहिला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टँकरबरोबर खाली निघाला. जाताना माझ्या टेबलापाशी आला. "बसून बसून खायचं वय नाही माझं," तो म्हणाला. मग माझ्या टेबलाच्या कडेवर बोट वाकवून दाखवलं. "मधल्या पेरानं. एकदाच. दोनदा वाजवलं तर पाहुणा आलाय असं वाटतं. आणि वाजवलं की उत्तर येईपर्यंत दारातून हलायचं नाही."

"उत्तर कसलं?"

"श्वासाचं, दुसरं कसलं?" म्हणाला आणि गेला. मला हसू आलं होतं, हे कबूल करते.

पुढचे चार दिवस विराम वाढले. वीस सेकंद, चोवीस, एकतीस. मी ते लिहून ठेवलं. पाचव्या दिवशी दुपारी बाराला, बाहेर ऊन पांढरंफटक झालेलं आणि छपराचे पत्रे तापून तडतडत असताना, एक नंबरची रेघ सपाट झाली आणि छत्तीस सेकंद सपाट राहिली. मी खुर्चीतून उठले. तेवढ्यात ती पुन्हा सुरू झाली, पण उसळून नाही. संथ. वर, खाली, वर, खाली. मिनिटाला तेरा श्वास. समुद्रकाठी गाढ झोपलेल्या माणसाचे असतात तसे. लंबू उठेपर्यंत त्यात एकही विराम आला नाही.

दुसऱ्या दिवशी दोन नंबर, मग चार. सर्वांत शेवटी तीन. धाकट्याचा शेवटचा विराम एक्केचाळीस सेकंदांचा होता. त्यानंतर रेघ संथ वर गेली, एकाच टप्प्यात.

माझा जीव भांड्यात पडला. आनंदानं मी कपभर कोमट चहा जास्त प्यायले. चौघांचे चेहरे तुकतुकीत झाले. डोकेदुखी गेली, भूक वाढली, अर्धे कच्चे बटाटे मिटक्या मारत खाऊ लागले. प्रमुख मला म्हणाला, "एका म्हाताऱ्यापायी आम्ही इतकी वर्षं झोपेला मुकलो म्हणायचं." मीही मान डोलावली.

मग एका सकाळी मी झोपघराच्या दारात उभी होते. चौघं घुमटाकडून पायऱ्या उतरत होते. थंडी इतकी, की तोंडातून वाफ निघत होती. पूर्वी ते वीस पायऱ्यांवर एकदा थांबायचे, हात गुडघ्यांवर टेकायचे. आता न थांबता येत होते. चार तोंडांतून चार पांढरे फुगे निघाले, विरले. पुन्हा चार निघाले. लंबूची पावलं लांब, चष्मेवाल्याची आखूड. वाफ मात्र चौघांची एकदम.

मी आत येऊन रेघा एकमेकींखाली लावून पाहिल्या. चारही जुळत होत्या. एका पेटीचा गोंधळ दुसऱ्या पेटीत शिरला असेल, म्हणून मी पेट्या बदलल्या. वायरी बदलल्या. घड्याळं नव्यानं लावली. फरक पडला नाही.

त्या सकाळी धाकट्याचा पट्टा बांधताना मी मुद्दाम हळू बांधला. तो छताकडे पाहत स्वस्थ पडला होता.

"काय रे, आज शिंप्याचं काही नाही?"

"कुठला शिंपी?" त्यानं विचारलं. अगदी सभ्यपणे विचारलं.

दमला असेल, असं मी मनाला सांगितलं. दमलेला तर तो मुळीच दिसत नव्हता. आता वाटतं, तेव्हाच त्याला गदागदा हलवून विचारायला हवं होतं. पण अहवाल उत्तम आला होता, भावाची नोकरी वाचली होती, आणि माझं म्हणणं खरं ठरलं होतं. स्वतःचं म्हणणं खरं ठरलेल्या माणसाला दुसरं काही दिसत नाही. मी सही केली.

पाळी संपली आणि चौघं महिन्याच्या सुट्टीवर खाली गेले. गाडीत चढताना धाकट्यानं मागं वळून घुमटाकडे पाहिलंसुद्धा नाही. पूर्वी सुट्टीवर निघताना तो लहान मुलासारखा हिरमुसायचा.

नवी तुकडी यायला सहा दिवस होते. प्रमुख आणि स्वयंपाकी पलीकडच्या इमारतीत, आणि झोपघरात मी एकटी, सामान बांधायला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पेट्या आवरायला घेतल्या. त्या चालूच राहिल्या होत्या. पट्टेही खोल्यांमध्येच होते. पट्टा घडी घालून ठेवला की त्यातलं रबर मरतं, म्हणून सकाळी सोडला की तो रजईच्या वळकटीला बांधून ठेवायचा, ही माझीच शिस्त. जाताना चौघांनी ती पाळली होती. चार रिकामे पलंग, चार वळकट्या, चार पट्टे.

बंद करण्याआधी मी सवयीनं टेबलावरचा पडदा सुरू केला.

तीन रेघा सपाट होत्या. तीन नंबरची चालू होती.

डोंगर, सपाटी, डोंगर.

मी आधी वाऱ्याला दोष दिला. मग जनरेटरला. जनरेटर बंद करायला लावला, पेटी बॅटरीवर चालत राहिली आणि रेघही. मग मी मागच्या तीन दिवसांची नोंद उघडली. चौघं गेले त्या दुपारी चारही रेघा चालू होत्या. चारही धापा टाकणाऱ्या. विराम पन्नास सेकंदांचे, मग साठ, मग सत्तर. दुसऱ्या दिवशी दुपारी एक नंबरचा विराम सुरू झाला तो संपलाच नाही. सायंकाळी दोन नंबरचा. आज पहाटे चार नंबरचा.

मी तीन नंबरचं दार उघडलं. पडदे ओढलेले, फटीतून उन्हाची एक पट्टी पलंगावर. वळकटीवर पट्टा होता तसाच, माझी दोन बोटं आत जातील इतका ढिला. तो हलत नव्हता. मी तळहात ठेवून पाहिला. थंड होता. दाराजवळून मला टेबलावरचा पडदा दिसत होता, आणि त्यावर रेघ वर जात होती.

मी बाहेर आले, दार लावलं. का कोण जाणे, त्या म्हाताऱ्यासारखा कान फटीला लावला.

आतून श्वास आला. अर्धा. मग अडखळून उरलेला.

मी दार पुन्हा उघडलं नाही. मग विराम आला. मी मोजू लागले. साठ. सत्तर. पंचाहत्तरला माझ्या रेघा, माझं शिक्षण, सगळं गुंडाळून ठेवून मी मधलं बोट वाकवलं.

टक्.

अर्धा. मग उरलेला.

टेबल ओढत मी तीन नंबरच्या दारापाशी आणलं, खुर्ची आणली. त्या डोंगरावर मोबाइलला रेंज मात्र झकास येते. मी काकाचा नंबर मिळवला. फोन लावला, माझा आवाज त्यानं लगेच ओळखला.

"किती दारं?" त्यानं विचारलं.

"एकच राहिलंय."

"कोणतं?"

"माझ्या भावाचं."

पलीकडून खोकल्याचा आवाज आला. "मग खुर्ची सोडू नका," तो म्हणाला. "मला वर यायला टँकर परवा आहे. तोवर झोपू नका, बाई."

मग मी धाकट्याला फोन लावला. "गाडी करून लगेच वर ये," म्हणाले. "कारण विचारू नकोस."

"तिथं येऊन काय करू, ताई?" तो म्हणाला. आवाज तोच. फक्त मध्ये कुठं दम घेतलेला ऐकू आला नाही. "इथं झोप छान लागते. मी आता डोंगरावर येणार नाही. तू पण सामान आवर आणि ये."

तो दिवस आणि ती रात्र मी दारापाशी काढली. दर दोन-तीन मिनिटांनी विराम, दर विरामाला एक टक्. स्वयंपाक्यानं जेवण आणून ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता गेला. वाजवलं की विराम चाळीसवर राहत होता. जरा डुलकी लागली की नव्वदवर जाई. माझ्या बोटाचं पेर सोललं, मग मी दुसऱ्या हातानं वाजवू लागले. मनाशी एकच घोकत होते, परवा टँकर येईल, काका येईल, मग मी खाली जाऊन त्याला कानाला धरून वर आणीन.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता आईचा फोन आला.

"अगं, तुला मुद्दाम लावला. काय सुंदर झोपलाय बघ. लहानपणापासून असा झोपलेला मी पाहिला नव्हता." आई कुजबुजत होती. "फक्त दोन दिवस मध्येच दचकतो. काल झोपेत म्हणाला, ताईला सांग, वाजवू नकोस."

माझ्या हातातला फोन गार लागला.

"आई, फोन त्याच्या नाकाशी धर."

"आता हे काय नवीन?"

"धर ना गं."

ऐकू आलं. संथ, सारखा, एकाच टप्प्यात आत जाणारा श्वास. समोर पडद्यावर तीन नंबरचा विराम चालू होता. पंचेचाळीस. शेहेचाळीस. मी सवयीनं हात उचलला आणि वाजवलं.

टक्.

दाराआड अर्धा श्वास. मग उरलेला. रेघ उसळली, भराभर चालू लागली.

फोनमध्ये शांतता.

"आई?"

"थांब गं..." आईच्या बांगड्या वाजल्या. "ए बाळा. बाळा, अरे... अगं, याचा श्वास! अगं हा श्वास घेत नाहीये!"

मी पडद्याकडे पाहत होते. तीन नंबर धापा टाकत होता. सात श्वास, आठ, नऊ. फोनमध्ये आई त्याच्या गालांवर चापट्या मारत होती, त्याला लहानपणच्या नावानं हाका मारत होती. अकरा. बारा. मग रेघ हळूहळू बसली. विराम.

फोनमध्ये श्वास सुरू झाला. संथ.

"आला," आई रडत म्हणाली. "आला गं बाई. किती घाबरवलंस रे. अगं, तू आहेस ना? असं काय झालं त्याला? तू यातली जाणती ना? सांग ना काही."

मी पडद्यावरून नजर काढली नाही. वीस सेकंद. तीस.

"थांब, फोन त्याच्या उशाशीच ठेवते. तूही ऐक. मी इथंच बसते हात धरून."

पन्नास. साठ.

मी बोट वाकवून चौकटीजवळ नेलं होतं.

सत्तर. फोनमधून श्वास येत होता, आणि त्याच्याआड आईचं हुंदके देत पुटपुटणं. झोप माझ्या सोन्या, झोप.

ऐंशी.

धडपणी घरी आण, ती म्हणाली होती.

नव्वद. मी हात खाली घेतला.

पडद्यावरची रेघ सरळ चालली होती. शंभरापर्यंत मी मोजलं, पुढचे आकडे मला आठवेनात. टोकाच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं. छपराचे पत्रेही तडतडायचे थांबले होते.

मग आतून, दारावर, अगदी हलकेच आवाज आला.

टक्.

एकदाच. मधल्या पेरानं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी केव्हापासून श्वासच घेतला नव्हता.